मंडईच्या मांडवातली नवरी

आमच्या गावात मला 'नवरी' म्हणतात. मी दोन लेकरांचा बाप आहे, चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली पंप चालवतो, मिशी आहे, पोट सुटलंय. तरी बसमधून उतरलो की पानठेल्यावरून हाक येतेच, "आली का वं नवरी माहेराले?"

यावर करता येण्यासारखं सगळं करून पाहिलंय. रागावून पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी हाका वाढल्या. हसून पाहिलं, तर पाठीवर थापा पडल्या आणि हाका तेवढ्याच राहिल्या. ऐकूच आलं नाही असं दाखवलं, तर एकाने मागून येऊन माझ्या डोक्यावर गमछा टाकला, पदरासारखा. गाव वाईट नाही. मला कोणी पाण्यात पाहत नाही, अडीनडीला धावून येतात. म्हणूनच सुटका नाही. शत्रूशी भांडता येतं, प्रेमाने चिडवणाऱ्याशी काय भांडणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही लाडाचा.

हे नाव मला दहावीत पडलं. त्यासाठी आधी मंडई सांगायला हवी.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकीबाळी माहेरी येतात, नागपूर-पुण्याला पोटामागे गेलेली पोरं येतात, घराघरात पाहुण्यांच्या पंगती उठतात. दुपारभर दंडार नाचते, आणि तिच्यात लुगडं नेसून नाचणारे बाप्येच असतात. पण मंडईचं खरं काम वेगळंच. लग्नाच्या पोरापोरींचे पाहुणे मंडईतच एकमेकांना हेरतात. कोणाची पोरगी, कोणत्या घरची, कोणाच्या नात्यातली, ही चौकशी मंडईत होते आणि उन्हाळ्यात मांडव पडतो.

त्या साली मंडईसाठी घातलेला मांडव दुसऱ्या दिवशी सोडायचा नाही, त्यातच हायस्कूलचं गॅदरिंग उरकायचं, असं गावाने ठरवलं. त्यामुळे शाळेतल्या पोरांचे नाच पाहायला पालकच नव्हे, तर मुक्कामाला थांबलेले सगळे पाहुणेही बसणार होते.

दहावीच्या मुलांचा कोळीनाच ठरला. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता, नाच बसवणाऱ्या पी.टी.च्या सरांनीही नाही. पण गॅदरिंग म्हटलं की कोळीनाच हवाच. त्यात कोळी हवा तशी कोळीण हवी, आणि मुलामुलींनी एका नाचात हात धरायचे नाहीत, हा हेडमास्तरांचा कायदा होता. सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "तू ढिवराचा ना बे? तुझ्या घरी जाळंबिळं सगळंच हाय. तू होय कोळीन."

मी ढिवराचा होतो हे खरं. बाबा तलावात आणि वैनगंगेत मासे धरायचे, अड्याळच्या बाजारात विकायचे. पण आमच्याकडे कोणी कमरेवर हात ठेवून लाटांबरोबर डोलत नसे. मी नाही म्हणालो. सर म्हणाले, प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याकडे आहेत. संपला विषय.

पहिल्या दिवशी मी लाजेने अर्धा झालो होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र काहीतरी झालं. मी लहानपणापासून बाबांच्या डोंग्यावर उभा राहत आलो होतो. डोंगा म्हणजे आमची अरुंद नाव, जरा चुकलात की पाण्यात. तिच्यावर उभा राहणारा माणूस गुडघे ताठ करत नाही. अंग कितीही हलो, पाय खालचं पाणी सांभाळत असतात. गाणं लागलं आणि माझे पाय आपोआप ते करायला लागले. बाकीची पोरं पावलं मोजत होती, एक-दोन-तीन-वळ. मला मोजावं लागत नव्हतं. सर थांबले आणि नुसते पाहत राहिले.

मला नाचायला आवडत होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मी घरी गोठ्यामागे जाऊन नाचायचो, शिंगाड्याच्या वेली ओढताना पाण्यात उभा राहून नाचायचो. इतकं मन लावून मी त्याआधी काही केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

गॅदरिंगच्या संध्याकाळी आईने तिचं हिरवं लुगडं मला नेसवून दिलं, काजळ घातलं, दंडारवाल्यांचं गंगावन मागून आणून डोक्याला बांधलं. माझा कोळी होता माझा जिवाभावाचा दोस्त, गावातल्या दुकानदाराचा पोरगा. हाच पुढे माझं बारसं करणार होता. मांडवात आलो तेव्हा शिट्ट्या पडल्या, आरडाओरडा झाला. मग गाणं पुढे सरकलं तसा तो आवाज कमी होत गेला. शेवटच्या कडव्याला मांडवात कोणी बोलत नव्हतं. नंतर टाळ्या पडल्या, पण त्या शांततेनेच माझे कान भरून गेले होते.

बाबा पाहायला आले होते की नाही, मला समजलं नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायची पद्धत नव्हती. पण ते एकदा म्हणतील, बरा नाचला रे, या आशेवर मी जेवताना उगाच रेंगाळलो. त्यांनी वरण मागितलं आणि झोपायला गेले.

सकाळी मी तोंडही धुतलेलं नव्हतं, तोच अंगणात दोन माणसं आली. एक आंधळगावकडचा म्हातारा, आमच्याच समाजातला, आणि त्याचा भाचा. बाबांनी खाट टाकली, आईने पाणी दिलं. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हाताऱ्याने विषयाला हात घातला. नातू लग्नाचा आहे, घरचा तलाव आहे, सोसायटीत नाव आहे. "काल मांडवात तुमची पोरगी पायली. हिरव्या लुगड्यातली. चौकशी केली तं एका पोट्ट्यानं तुमचं घर दाखवलं."

तो पोट्टा म्हणजे माझा कोळी. तो एकटा नव्हता. कुंपणाच्या काट्यांमागे अर्धी दहावी आणि तितकेच रिकामटेकडे मोठे लोक, तोंडात गमछे कोंबून उभे होते.

मी आतल्या खोलीत होतो. आईने आत येऊन मला ओढलं आणि धानाच्या ढोलीमागे उभं केलं. ती आमची बांबूची उंच कणगी, शेणाने सारवलेली. ढोली आणि भिंत यांच्यात एका माणसाची जागा. "हलू नोको," ती म्हणाली. काल रात्रीचं काजळ माझ्या डोळ्यांत अजून तसंच होतं.

बाहेर बाबांची मोठी पंचाईत झाली होती. कुंपणाकडे त्यांची नजर गेली असणारच. ती पोरगी नाही, पोरगा आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं असतं तर कुंपण फुटून हसलं असतं, आणि तो म्हातारा मंडईचा विनोद झाला असता. आमच्या दारात पाहुण्याचं हसं होत नाही. उपाशी राहू, पण ते होत नाही. न बोलावं तर पोरगी दाखवायला हवी. इकडे आड, तिकडे विहीर. बाबा आयुष्यात क्वचितच खोटं बोलले असतील. त्यातलं एक त्या सकाळी बोलले. "पोरगी ल्हानी हाय अजून. अन् मामाच्या गावाले गेली पहाटंच."

म्हाताऱ्याने उठायला हवं होतं. तो उठेना. चहा आला, चहा संपला. मी ढोलीला नाक लावून उभा. कोंड्याचा वास, मानेवरून चालणारा मुंगळा, आणि हलायचं नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला स्वतःच्या घरात लपून बसावं लागलं, कारण तो मामाच्या गावाला गेलेली पोरगी होता. आजही मला खाणीत लिफ्टने खाली उतरताना कधी कधी ती ढोली आठवते आणि घाम फुटतो.

आणि तेव्हाच म्हातारा बोलायला लागला. हलक्या आवाजात, बाबांना एकट्याला सांगावं तसा. पण भिंत पातळ होती.

"नाच तं सारेच पायतात जी. मी पाय पायले. थे पोरगी डोंग्यावर उभी रायलेली हाय. अंग एवढं हलते, पन पाय पानी सोडत नाही. असे पाय शिकवून येत नाही. माझी बुढी तशी उभी राये. बुढी गेल्यापासून मी तसे पाय पायले नाही कोनाचे. म्हनून आलो."

मला रडू आलं. माझ्याविषयी इतकं चांगलं कोणी कधी बोललं नव्हतं, आणि ते बोलणं माझ्याविषयी आहे असं मला सांगता येत नव्हतं. बाहेर जाऊन ओरडावंसं वाटलं, आजोबा, ते पाय माझे आहेत. पण बाहेर गेलो असतो तर पाय त्याला दिसले नसते. अर्धी चड्डी दिसली असती.

बाबा काही बोलतील म्हणून मी श्वास धरून वाट पाहिली.

कुंपणाबाहेरच्यांना तेवढा धीर कुठला! माझ्या कोळ्याने गमछा तोंडातून काढला आणि ओरडला, "आजोबा, नवरी तं घरातच हाय! बलावा ना जरा बाहेर!" मग कुंपण फुटलं. लहानमोठे सगळे हसत अंगणात आले. दोघांनी आत शिरून मला ढोलीमागून ओढून काढलं आणि म्हाताऱ्यासमोर उभं केलं. चड्डी, बनियन, डोळ्यांत काजळ.

म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं, माझ्या पायांकडे. तो हसला नाही, रागावलाही नाही. चपला घातल्या आणि भाच्याला घेऊन निघाला. बाबा त्याच्यामागून सडकेपर्यंत गेले, बस येईपर्यंत उभे राहिले. त्या दोघांचं काय बोलणं झालं, हे मला कधी कळलं नाही. परत आल्यावर बाबा मला एवढंच म्हणाले, "आता नाच बंद."

मी बंद केला. गणपतीत नाही, दोस्तांच्या वरातीत नाही, माझ्या स्वतःच्या वरातीतही मी घोड्यावरून उतरलो नाही. पाहुणा गेला, मंडई संपली, मांडव सुटला आणि मी नवरी उरलो. पुढे चिखल्याला नोकरी लागली तेव्हा मी मंडईच्या आठवड्यात मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायचो. जमिनीखाली मला कोणी नवरी म्हणत नव्हतं.

यंदा मात्र बाबांनी निरोप धाडला, मंडईला ये. बाबा आता थकलेत, कानांनी फार कमी ऐकू येतं. नाही म्हणायला तोंड उरलं नाही. बायको आणि दोन्ही लेकरं घेऊन आलो. आल्यावर कळलं की मंडईच्या दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, आणि त्याचा कर्ताधर्ता माझा कोळी आहे. त्याचं आता गावात कृषी केंद्र आहे, शब्दाला वजन आहे.

दुपारी मेळावा सुरू झाला. बॅनरवर आमच्या बॅचचा जुना फोटो. शाल-नारळ झाले, म्हातारे झालेल्या सरांचे सत्कार झाले, प्रत्येकाने शाळेने आम्हाला घडवलं म्हणून सांगितलं. माझी पोरगी नववीत आहे. ती आईजवळ बायकांच्या रांगेत बसली होती. बाबा पहिल्या रांगेत, खुर्चीत. मला जरा हायसं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात माझ्या कोळ्याने माइक घेतला. "अन् आता ज्याच्यासाठी सारं गाव बसलं हाय! आपली नवरी!"

हिरवी साडी आणून ठेवलेली होती. तसाच हिरवा रंग शोधायला माणसाने किती दुकानं पालथी घातली असतील, देव जाणे. चौघांनी मला धरून स्टेजवर नेलं, पॅंटवरूनच साडी गुंडाळली, डोक्यावर पदर ओढला. खाली सगळे मोबाइल वर झाले. मी हात जोडले, गुडघा दुखतो म्हणालो. खालून कोणीतरी ओरडलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मांडव हसला. उतरायच्या जिन्यावर दोस्त आडवे उभे. रुसून निघून जावं तर गावभर नवरी रुसली. थांबावं तर माकड. डीजेवाल्याने तेच गाणं लावलं.

आणि त्या आवाजाबरोबर माझ्या डोक्यात एक वेडा विचार आला. खरंच नाचावं. एकदा. तसंच. इतकी वर्षं या नावात अडकून पडलोय, तर एकदा तरी त्यांना दाखवावं की ते नाव ज्याच्यामुळे पडलं ते काय होतं. बाबा समोर होते. या वेळी ते पाहत होते, हे मला दिसत होतं.

मी गुडघे वाकवले. पायांना आठवलं. मोजावं लागलं नाही. चार-सहा पावलं मी तशी टाकली असतील, पोट सुटलेल्या, साडी पॅंटवर गुंडाळलेल्या माणसाला जमतील तितकी. त्या पावलांपुरता मी स्टेजवर नव्हतो, पाण्यावर होतो.

मांडव खो-खो हसत होता. मी मनापासून नाचतोय हेच त्यांना सगळ्यात मोठी गंमत वाटत होती. त्यांचा तरी काय दोष? नाचता नाचता माझी नजर मुलीवर गेली. ती खाली मान घालून बसली होती. शेजारच्या पोरी तिला कोपराने ढोसत होत्या आणि तिचे कान लाल झाले होते. मला ते लगेच ओळखू आलं. ती आपल्या ढोलीमागे गेली होती.

मग मी नाचणं सोडलं आणि नखरे केले. पदर दातात धरला, कंबर उडवली, मिशीवरून बोट फिरवून लाजलो, माझ्या कोळ्याच्या गळ्यात पडलो, त्याच्या टकलाचा मुका घेतला. मांडव लोळायला लागला. मुलीने मान वर केली. आधी ओठ दाबले, मग हसली, मग शेजारणीला टाळी दिली. बाप येडा आहे, पण मुद्दाम येडा आहे, हे तिच्या मैत्रिणींना कळलं आणि ती सुटली. गाणं संपेपर्यंत मी थांबलो नाही. वन्स मोअर मिळाला, तोही दिला.

संध्याकाळी घरी आलो. मुलगी खुशीत होती. "पप्पा, काय मस्त कॉमेडी केली तुम्ही! मी स्टेटसला ठेवली. चिखल्याच्या सगळ्यांनी पाहिली." मी म्हणालो, "बरं केलं." आता जमिनीखालीही हाक येणार होती.

बाबा अंगणात खाटेवर बसून जाळं दुरुस्त करत होते. डोळे अधू झालेत, पण बोटं करतात बरोबर. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते जाळ्यातून वर न पाहता म्हणाले, "तवा असा नव्हता नाचला तू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मला पुढचा प्रश्न हळू विचारायचा होता, पण त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडावं लागलं. "तुमी पायलं होतं?"

"मांगं उभा होतो ना. टोपलं घेऊन."

"बुढ्यानं सांगतलं, थे पायाचं?"

"त्यानं सांगाच्या अगुदर मले दिसलं होतं," बाबा म्हणाले. "डोंगा मीच शिकवला नं तुले."

मी परत ओरडलो, "मंग बंद कायले करवलं?"

त्यांनी दोरा दाताने तोडला. "गाव हासे ना बाप्पा तुले," ते म्हणाले, आणि जाळं पुढे ओढून दुसरं फाटलेलं ठिकाण बोटांनी चाचपायला लागले.

घरात मुलीच्या मोबाइलवर माझा नाच परत लागला होता. गाण्यापेक्षा हसण्याचाच आवाज मोठा येत होता.